न चाललेले अंतर

नवी मोटार दुकानाबाहेर पडली की तिची किंमत उतरते. पुढे काही वर्षे ती उतरतच राहते. बहुतेक गाड्यांचा प्रवास भंगारात संपतो. फार थोड्या गाड्या उतारावर मध्येच थांबतात, आणि मग त्यांचा भाव चढू लागतो. त्या का थांबतात, हे यंत्र उघडून कळत नाही. माणूस उघडावा लागतो.

फेरारीने १९६२ ते १९६४ या वर्षांत २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी बनवली. एकूण संख्या चाळिशीच्या आत. नवी असताना अमेरिकेत तिची किंमत सुमारे १८,००० डॉलर होती. थोड्याच वर्षांत तिच्याहून वेगवान गाड्या शर्यतीला आल्या, आणि ही मूळ किमतीपेक्षा कमी पैशांत विकली जाऊ लागली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरेच्या लिलावात त्यांपैकी एक ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली.

मधल्या काळात त्या गाडीत एकही गुण वाढला नव्हता. तिच्याहून वेगवान गाड्या आज पुष्कळ आहेत. तशी गाडी मात्र आता होणार नाही. पैसे मोजले गेले ते एवढ्यासाठी.

जे पुन्हा मिळणार आहे त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. थोरांची किंमत कळायलाही त्यांचे नसणे लागते. तोवर ते घरातच असतात, आणि घरातल्या माणसाला बाजारभाव नसतो.

*

१९५५ मध्ये मर्सिडीजने ३०० एसएलआर या शर्यतीच्या गाडीवरून बंद छताच्या दोनच गाड्या घडवल्या. त्याच वर्षी ल माँच्या शर्यतीत याच जातीची एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. वर्षअखेरीस कंपनीने शर्यती सोडल्या. त्या दोन गाड्या शर्यतीत उतरल्याच नाहीत. रुडॉल्फ उलेनहाउट हा अभियंता त्यांतली एक कामावर जाण्यायेण्यासाठी वापरी. २०२२ च्या मे महिन्यात दोहोंपैकी एक १३ कोटी ५० लाख युरोला विकली गेली. त्याआधी कोणत्याही मोटारीसाठी लिलावात इतके पैसे कोणी मोजले नव्हते.

म्हणजे शर्यतीसाठी जन्मलेल्या गाड्यांतली ही सर्वांत महाग गाडी शर्यतीत कधी धावलीच नाही.

यात विसंगती नाही. जी धावली ती कधीतरी हरली. जी धावली नाही तिच्या खात्यावर पराभव नाही. न निवडलेल्या वाटेचा हिशेब माणूस असाच मांडतो. ज्या वाटेने तो गेला तिथले खड्डे त्याला पाठ असतात. दुसरी वाट कायम गुळगुळीत राहते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये १९९५ सालची एक मॅकलारेन एफ१ दोन कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेली. तोवर ती सुमारे ३९० किलोमीटर चालली होती. नंदुरबारहून मुंबईला एकदा जावे, इतकेच. याच जातीच्या गाडीने १९९८ मध्ये ताशी ३८६ किलोमीटरचा वेग नोंदवला होता. त्या वेगाने मोजले तर या गाडीचे सव्वीस वर्षांचे आयुष्य एका तासात मावते.

तो एक तास जपल्याबद्दल तिला हा भाव आला. मालकाने ती आणखी काही तास चालवली असती, तर त्याला आनंद झाला असता आणि त्याचे नुकसान झाले असते. त्याने नुकसान टाळले.

शक्ती जपणाऱ्याची एक अडचण असते. ती कधी वापरायची, हे ठरवणे दर वर्षी अवघड होते. जपण्याचे कष्ट तिच्या किमतीत मिसळत जातात. शेवटी ती वापरणे ही उधळपट्टी वाटू लागते. सुट्ट्या साठवणारे, साड्या कपाटात ठेवणारे, मनातले योग्य वेळी बोलू म्हणणारे, सगळे याच रांगेत उभे असतात.

*

फेरारीच्या गाडीवर उधळलेला काळा घोडा असतो. तो मूळचा फ्रान्चेस्को बाराक्का या इटालियन वैमानिकाच्या विमानावरचा. बाराक्का वैमानिक होण्याआधी घोडदळात होता. १९१८ मध्ये तो युद्धात पडला. हे चिन्ह गाडीवर घे, असे त्याच्या आईने आपल्याला सुचवले, ही हकीकत कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी स्वतः सांगत.

घोडदळे मोडली, वैमानिक गेला, घोडा राहिला. चिन्हे माणसांहून अधिक टिकतात. त्यांना चारा लागत नाही.

खऱ्या घोड्याला लागतो. म्हणून त्याच्या बाजाराची रीत वेगळी आहे.

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी सारंगखेडा हे गाव आहे. तिथे एकमुखी दत्ताचे देऊळ आहे. मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी घोडे राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून येतात. बाजार काही शतकांचा आहे असे सांगतात. एकेकाळी इथे स्वारीचा घोडा मिळे, पुढे टांग्याचा. आता स्वाऱ्या नाहीत आणि टांगे जवळजवळ नाहीत. बाजार मात्र आहे. पर्यटनाच्या कागदांवर त्याला चेतक महोत्सव म्हणतात.

घोड्याचे काम गेले आणि घोड्याचा भाव चढला. आता तो वरातीला लागतो, नाचाच्या स्पर्धेला लागतो, दारात बांधायला लागतो. गरज होती तोवर त्याची किंमत गरजेने बांधलेली होती. शेतकऱ्याला परवडेल, टांगेवाल्याला झेपेल, त्यापलीकडे ती जाऊ शकत नसे. गरजेला मर्यादा असते. हौसेला मोल नसते, असे खानदेशातही म्हणतात, आणि घोडेबाजारात ते शब्दशः खरे ठरते.

दर वर्षी कोटीच्या आसपास मागणी झालेल्या एखाद्या घोड्याची बातमी छापून येते. त्या बातमीत बहुधा आणखी एक वाक्य असते. मालकाला तो विकायचा नाही. तो दाखवायला आणलेला असतो.

विकायची नसलेली वस्तू बाजारात नेहमीच सर्वांत महाग असते. तिचा आकडा कधी तपासला जात नाही. माणसे आपल्या तत्त्वांविषयी बोलतात तेव्हाही हेच घडते. ज्या तत्त्वाला अजून गिऱ्हाईक आलेले नाही, ते अमूल्य असते.

खरा सौदा थोड्या अंतरावर चालू असतो. तिथे साधे घोडे उभे असतात, साधी माणसे दात पाहतात, पाय उचलून खूर पाहतात, आणि घासाघीस होते. तिथे गर्दी नसते. बाजार पोसतात ते हेच. बाजाराचे नाव होते ते दुसऱ्यांमुळे.

*

घोड्याचा जाणकार आधी खुणा पाहतो. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असला की तो पंचकल्याणी. गळ्यावर विशिष्ट जागी भोवरा असला की देवमण. दोन्ही शुभ. भोवरा वीतभर इकडेतिकडे असला की तोच अशुभ. घोड्याला यातले काही ठाऊक नसते. त्याच्या नशिबाचा निकाल त्याच्या केसांच्या वळणावर लागतो.

हसण्यासारखे त्यात फारसे नाही. संग्राहक मोटारीच्या चॅसिसवरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी ताडून पाहतो. दोन्ही जुळले तर भाव एक. इंजिन मधे कधी बदललेले असेल तर भाव पुष्कळ खाली. बदललेले इंजिन कदाचित अधिक चांगले चालत असेल. तो प्रश्न कोणी विचारत नाही.

प्रत्येक बाजाराला त्याचा भोवरा असतो. माणसांच्या बाजारात त्याला आडनाव, गाव, महाविद्यालय अशी नावे आहेत.

घोड्याचे वय दातांत असते, गाडीचे मीटरवर आणि कागदांत. दात घासून घोडा तरुण करता येतो. मीटर मागे फिरवून गाडी तरुण करता येते. जिथे पारखीला पैसे मिळतात, तिथे लबाडीही कसबी होते. अस्सलाची किंमत जितकी वाढते, तितकी नक्कल उत्तम होत जाते. शेवटी अस्सल कोणते ते फक्त नक्कल करणाऱ्याला खात्रीने सांगता येते.

अस्सलपणाचे वेड आणखी एका टोकाला जाते. जुन्या गाडीचा विटलेला मूळ रंग नव्या झळाळत्या रंगाहून महाग असतो. आसनाचे फाटके मूळ कातडे शिवलेल्या नव्या कातड्याहून महाग असते. काळाच्या खुणा जपण्यासाठी लोक पैसे देतात. हेच लोक स्वतःच्या चेहऱ्यावरच्या त्याच खुणा पुसण्यासाठीही देतात. बहुधा तेवढेच.

*

घोडा आणि मोटार यांच्यात एक फरक मात्र निर्णायक आहे. घोडा म्हातारा झाला की त्याचा भाव जातो. मोटार म्हातारी झाली की तिचा भाव येतो. जिवंत वस्तूचा बाजार पुढच्या वर्षांकडे पाहतो. निर्जीव वस्तूचा बाजार मागच्या वर्षांकडे.

म्हणून सारंगखेड्यात घोडा घेणारा तो चालवून पाहतो. त्याची रेवाल चाल पाहतो, पाठीवर बसून पाहतो, दम पाहतो. संग्राहक मोटार घेताना ती किती कमी चालली आहे ते पाहतो.

बांधून ठेवलेला घोडा बिघडतो. त्याला रोज फिरवावे लागते, मालकाची इच्छा असो वा नसो. घोडा आपल्या मालकाला एवढी शिस्त लावतो. मोटार तशी सक्ती करत नाही. तिच्या टाकीतले पेट्रोल शिळे होते, टायर उभ्या जागी कडक होतात, रबराच्या नळ्या चिरतात, पण ती तक्रार करत नाही. मुकाट्याने बिघडणाऱ्या वस्तू माणसाला जास्त आवडतात. मुकाट्याने बिघडणारी नातीही पुष्कळ टिकलेली दिसतात.

ओळखीच्या एका घरात ताडपत्रीखाली एक गाडी आहे. त्या घरात तिच्याविषयी कोणी बोलत नाही. दसऱ्याला तिला हार मात्र चुकत नाही.

*

खानदेशात फेरारी उभ्या असलेल्या दिसत नाहीत. तिथे यामाहा आरएक्स १०० आहे. ही मोटारसायकल भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, अकरा अश्वशक्ती. वजन कमी, उसळी जबरदस्त, आवाज दुरून ओळखू येणारा. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ती गेली. आज चांगल्या अवस्थेतल्या आरएक्सला लाखाच्या वर मागतात. नवीला कधी तेवढे पडले नव्हते.

नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे इथली कोणतीही आरएक्स जिल्ह्याहून वयाने मोठी आहे. तिच्यावर बहुधा धुळ्याचा एमएच १८ दिसतो, एमएच ३९ नव्हे. जिल्हा, सरकारी कचेऱ्या, पाट्या बदलल्या. क्रमांकाने बदल मानला नाही. आता तो क्रमांकही भावात धरला जातो.

ती आज कोण घेते, हे पाहण्यासारखे आहे. तरुणपणी ज्यांना ती परवडली नाही, ते घेतात. कॉलेजच्या फाटकाशी दुसऱ्याच्या गाडीला हात लावून जे उभे राहिले, ते घेतात. माणूस श्रीमंत झाला की प्रथम आपल्या गरिबीतल्या इच्छा फेडतो. व्याज त्याने किती लावले आहे, ते भावावरून कळते.

अडचण एवढीच की ज्याने ती मागितली होती तो मुलगा तोवर उरलेला नसतो. वस्तू पोहोचते. त्या पत्त्यावर दुसराच माणूस राहत असतो. त्याची कंबर दुखते, त्याला किक मारवत नाही, आणि संध्याकाळी त्याला वेगाने जायला कुठे ठिकाण नसते.

गाड्यांचे भाव त्यामुळे पिढीच्या वयाबरोबर फिरतात. एका पिढीने पंधराव्या वर्षी भिंतीवर लावलेले चित्र तिच्या पन्नाशीत महाग होते. निसानची आर ३४ स्कायलाइन मुलांनी सिनेमात आणि व्हिडिओ गेममध्ये पाहिली. ती मुले कमावती झाली. ‘फास्ट अँड फ्युरिअस’ मालिकेच्या चौथ्या सिनेमात पॉल वॉकरने चालवलेली अशी एक गाडी २०२३ मध्ये लिलावात १३ लाख ५७ हजार डॉलरला गेली. वॉकर २०१३ मध्ये मोटार अपघातात गेला होता. त्या आकड्यात गाडी किती, बालपण किती आणि मृत्यू किती, याचा तपशील पावतीवर नसतो.

ती पिढी सरली की हा भावही उतरेल. आठवणीला वारस नसतो. ज्या गाडीकडे पाहून कोणाचाच ऊर धडधडत नाही, ती शेवटी लोखंडच.

*

तापी सारंगखेड्यावरून पुढे सुरतेला जाते. सुरतेच्या वाट्याला एक प्रसिद्ध जुनी गाडी आली.

२००२ मध्ये सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. गाडी मायकेल शूमाकरच्या हस्ते मिळाली. तिच्यावरचे एक कोटीहून अधिक आयात शुल्क माफ करण्यावरून देशात वाद झाला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर शुल्क कंपनीने भरले. २०११ मध्ये तेंडुलकरने ती सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली.

ते काहींना रुचले नाही. ज्यांनी ती गाडी कधी पाहिली नव्हती, त्यांनाही आपले काही विकले गेले असे वाटले. प्रसिद्ध माणसाच्या मालमत्तेत जनतेचा एक अदृश्य हिस्सा असतो. त्या हिश्शावर कर लागत नाही.

नाव लागलेल्या गाडीचा घेणारा इंजिन घेत नाही. त्या आसनावर आधी कोण बसले होते, ते घेतो. आसन त्याला मिळते. उरलेले हस्तांतरणाच्या कागदांत नसते. तरीही अशी खरेदी थांबत नाही. मोठ्या माणसांच्या सहवासाची ज्यांना संधी नाही, ते त्यांच्या वस्तूंचा सहवास विकत घेतात. देवळात पादुका ठेवणाऱ्या समाजाला हे नवे नाही. फक्त पादुकांचा लिलाव होत नसे.

नर्मदेच्या पलीकडे, इंदूरला, यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्गची एसजे ही गाडी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर उघडी, दोन माणसांची बॉडी बांधून घेतली. त्या काळातल्या सर्वांत वेगवान गाड्यांत तिची गणना होई. संस्थाने गेली. गाडी पुढे अमेरिकेत संग्राहकांकडे गेली. आज ती पाहणारे तिला त्या महाराजांच्या नावानेच ओळखतात.

संस्थाने गेल्यानंतरच्या दशकांत राजवाड्यांच्या गॅरेजांतून कितीतरी गाड्या मिळेल त्या भावाने देशाबाहेर गेल्या. मग सरकारने जुन्या गाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. कुलूप आले तेव्हा घर बरेच रिकामे झाले होते.

विकणारा अडचणीत असतो तेव्हा वस्तू जुनी असते. घेणारा सवडीत असतो तेव्हा तीच दुर्मिळ होते. दोघांच्या हाती एकच वस्तू असते. भावात जो फरक दिसतो तो त्यांच्या परिस्थितींचा.

*

भारतात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती नव्याने करावी लागते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी मात्र व्हिंटेज ठरते. तिला व्हीए अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो.

पंधरा वर्षांची गाडी संशयित असते. पन्नास वर्षांची आदरणीय. मधली पस्तीस वर्षे काढणे कठीण. जुने होणे पुरेसे नसते, जुनेपण ओलांडावे लागते. माणसाच्या आयुष्यातही असा एक पट्टा असतो. त्यात तो नवा नसतो आणि अजून पूज्यही झालेला नसतो. बहुतेक माणसे त्या पट्ट्यातच संपतात.

त्याच नियमांत आणखी एक अट आहे. व्हिंटेज गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे, एवढ्यासाठीच ती निघू शकते. सन्मान मिळतो आणि रस्ता जातो. वयोवृद्धांचा सत्कार करताना समाज हाच नियम पाळतो. फक्त तो राजपत्रात छापत नाही.

भीमथडीच्या तट्टांची गोष्ट याच जातीची. मराठ्यांच्या घोडदळाचा भार त्यांनी वाहिला. तेव्हा ती फक्त तट्टे होती. घोडदळ संपले, मेंढपाळांच्या पाठीमागे ओझे वाहत ती उरली. अगदी अलीकडे त्यांची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झाली. काम होते तोवर नोंदीची गरज कोणाला वाटली नाही.

*

एन्झो फेरारी १९८८ च्या ऑगस्टमध्ये वारले. त्यानंतर त्यांच्या गाड्यांचे भाव झपाट्याने चढले. ज्यांनी कधी स्पॅनर हातात धरला नव्हता, ते कर्ज काढून गाड्या घेऊ लागले. १९९० नंतर बाजार कोसळला. गाड्या त्याच होत्या. त्यांच्यावर प्रेम करणारे एकाएकी कमी झाले.

प्रेम आणि गुंतवणूक एकाच गॅरेजात राहतात. भाव चढत असतो तोवर कोण कोणते, ते ओळखता येत नाही. तो उतरला की दोहोंतले एक निघून जाते.

ज्याला वस्तू खरोखर आवडते, त्याला तिच्या भाववाढीचा त्रासच होतो. विमा वाढतो, कुलपे वाढतात, पाहुणे वाढतात. पूर्वी बाजारहाटाला नेलेली गाडी आता पावसात काढवत नाही. तो श्रीमंत झाल्याचे लोक सांगतात. त्याच्या हातून एक गाडी गेलेली असते.

भाव गाडीचा चढतो. इंजिनाचा आवाज ऐकून कार्ब्युरेटरचा दोष सांगणाऱ्या मिस्त्रीचा चढत नाही. कोटीच्या घोड्याला पहाटे खरारा करणाऱ्याचे नाव बातमीत नसते. दुर्मिळ वस्तूला भाव येतो, हे अर्थशास्त्र सांगते. दुर्मिळ कसबालाही यायला हवा. पण कसब माणसात राहते, आणि माणूस ताडपत्रीखाली जपून ठेवता येत नाही. मिस्त्री जातो तेव्हा गाडीची दुरुस्ती अशक्य होते. मग ती आणखी दुर्मिळ ठरते, आणि तिचा भाव पुन्हा चढतो.

मोठे संग्रह लिलावात येतात ते बहुधा मालकाच्या मृत्यूनंतर. मुलांना किल्ली मिळते, हौस मिळत नाही. हौसेला मृत्युपत्रात रकाना नसतो. बापाने जिच्यासाठी आयुष्यभर सुट्टीचे दिवस घालवले, ती गाडी मुलगा फोनवर तीन छायाचित्रे पाठवून विकतो. तो कृतघ्न नसतो. त्याच्या बालपणात ती गाडी म्हणजे बाप घरात नसण्याचे कारण होती.

*

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत अजून असे पाडे आहेत जिथे रस्ता पोहोचत नाही. तिथल्या आजाऱ्याला, अडलेल्या बाईला, बांबूला बांधलेल्या झोळीतून डोंगर उतरवून रस्त्यापर्यंत आणतात. नर्मदेच्या काठच्या गावांना बोटीतला दवाखाना आहे. पावसाळ्यात वाटा आणखी लांबतात.

तिथे वेग ताशी किलोमीटरांत मोजत नाहीत. तो वेळेवर पोहोचणे किंवा न पोहोचणे, एवढ्यात मोजतात.

रस्ता नसलेल्या पाड्यावर वेळेत आलेली गाडी ही जगातली अतिशय दुर्मिळ वस्तू आहे. तिला लिलाव नाही, संग्राहक नाही, भाववाढ नाही. दुर्मिळतेने किंमत वाढते हे अर्धेच सत्य. दुर्मिळतेला पैसा भेटला तर ती वाढते. नाही भेटला तर तिला टंचाई म्हणतात.

कोटीचा घोडा आणि बांबूची झोळी एकाच जिल्ह्यात असण्याचा दोष घोड्याचा नाही, घोडा घेणाऱ्याचाही फारसा नाही. तो आपल्या पैशाने आपली हौस करतो. मात्र वेगाला माणसाने दोन किमती लावल्या आहेत, हे तिथे लपत नाही. एका ठिकाणी वेग न वापरल्याबद्दल कोट्यवधी मिळतात. दुसऱ्या ठिकाणी तो न मिळाल्याबद्दल जीव द्यावा लागतो.

हौस वाईट नाही. हौसेवाचून घोडा आज उरलाच नसता, आणि जुन्या गाड्या केव्हाच वितळवल्या गेल्या असत्या. पुष्कळ सुंदर वस्तू उपयोग संपल्यावर हौसेनेच जगवल्या आहेत. हौसेचे उपकार मानावेत. तिचा हिशेब ठेवू नये. हिशेब सुरू झाला की हौस व्यापार होते, आणि व्यापारात वस्तू चालवणारा नेहमी मूर्ख ठरतो.

तो मूर्ख ठरलेला माणूस आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढतो. मीटरवर आकडा वाढतो, भाव थोडा उतरतो, रंगावर एक ओरखडा येतो. त्याच्या मागे राहणाऱ्या गाडीला लिलावात कमी पैसे येतील. ती कोणाची होती, याविषयी मात्र शंका राहणार नाही.

वापरलेली वस्तू माणसाची होते. नुसती जपलेली वस्तू पुढच्या गिऱ्हाइकाची असते.